आयर्लंडमधल्या जुन्या दगडी क्रॉसला ते गोल चाक कशासाठी असतं? सूर्यपूजेची खूण का?

सूर्याची गोष्ट इथे सगळे रंगवून सांगतात, आयर्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म पसरवणाऱ्या सेंट पॅट्रिकने म्हणे लोकांचा सूर्यच क्रॉसला जोडून टाकला. पण पॅट्रिक पाचव्या शतकातला आणि हे चाकवाले मोठे क्रॉस आठव्या-नवव्या शतकापासूनचे, मध्ये तीनशेच्या वर वर्षं गेली, मला तरी ते पटत नाही.

मला कारागिराचं कारण पटतं. दगडाचे आडवे हात लांब काढले की मोडायची भीती, चाकाने त्यांना खालून वरून टेकू मिळतो. शिवाय टिपरारी काउंटीतल्या अहेनीचे क्रॉस बघा, अंगभर गाठींची नक्षी, कडेला पीळ घातलेल्या दोरासारखा काठ आणि मध्ये मोठाले फुगीर गोल. लाकडी क्रॉसला धातूचा पत्रा मढवताना रिव्हेट झाकायला असे गोल लावायचे, त्याचीच ही नक्कल असं बरेच अभ्यासक मानतात. दगडात रिव्हेट कुठून येणार, तरी कोरलेत! काहीजण चाकाला विजयाची माळ म्हणतात, तेही असेल, दोन्ही एकत्र असू शकतं.

आता तुम्ही म्हणाल स्कॉटलंडच्या रथवेल क्रॉसला चाक नाही तरी तो साडेपाच मीटर उंच कसा उभा राहिला. बरोबर आहे, आणि तो वजनाने पडलाही नाही, 1640 च्या दशकात मूर्ती नको म्हणणाऱ्या प्रॉटेस्टंटांनी पाडला. तुकडे नंतर जोडले. म्हणजे चाकाशिवाय चालतच नाही असं नाही, पण आयरिश कारागिरांनी ते धरून ठेवलं.

मी डब्लिनला राहतो, तासाभरावर मॉनस्टरबॉइसला मुरेदाखचा क्रॉस आहे, तिथे दोनतीनदा गेलोय. पूर्वेची बाजू वीरगळासारखी खालून वर बघत जायची, तळाला अ‍ॅडम-ईव्ह, त्यांच्याच शेजारी त्यांचा मुलगा केन भावाला, एबलला मारतोय, आणि वर चाकाच्या मधोमध शेवटचा न्याय, म्हणजे जगाच्या अंती येशू सगळ्यांचा निवाडा करतो तो. त्याच्याखाली देवदूत मायकेल तराजूत आत्मा तोलतोय आणि सैतान खाली उताणा पडून पारडं ओढायला बघतोय, मापात पाप करणारा हा गडी मला सगळ्यात आवडतो. पश्चिमेच्या बाजूला पायथ्याशी दोन मांजरं आहेत आणि मुरेदाखसाठी प्रार्थना करा अशी ओळ, ज्याने हा क्रॉस करवून घेतला त्याच्यासाठी.

गेलात तर सकाळी जा, तिरप्या उन्हात पूर्वेचं कोरीवकाम उठून दिसतं, दुपारी सगळं सपाट वाटतं.