कंसातलं बरोबरीचं चिन्ह

"मॅडम, हिला जिंकायचंच नाहीये. जिंकत आलेला डाव हातानं सोडून देते." वडिलांनी खुर्चीत बसता बसताच सांगून टाकलं. शेजारी आई, आणि आईच्या पलीकडे अकरा वर्षांची मुलगी. तिची नजर टेबलावरच्या माझ्या पेनांच्या डब्यावर होती.

बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांचे पालक माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ते बहुधा याच काळजीनं. क्लासमध्ये छान खेळतो, स्पर्धेत कच खातो. आत्मविश्वास कमी आहे का? खेळ बंद करावा, की आणखी जोर लावावा? दिव्या देशमुखनं जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत बुद्धिबळातला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि आईला मिठी मारून रडली, ते दृश्य घराघरांत पाहिलं गेलं. नागपूरची एकोणीस वर्षांची मुलगी ग्रँडमास्टर होते, मग आपली का नाही, असं वाटणं साहजिक आहे. सांगलीत तर हा खेळ पूर्वीपासून मुरलेला. नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धा, ते मंडळ उभं करणाऱ्या भाऊसाहेब पडसलगीकरांचं नाव, बुद्धिबळपटू भाग्यश्री साठे-ठिपसे इथल्याच, हे सगळं इथल्या जुन्या घरांतून अजून बोललं जातं. (ही हकिकत घरच्यांच्या परवानगीनं लिहितेय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वडिलांनी एक फाईल आणली होती. आत मुलीच्या दीड वर्षाच्या स्कोअरशीट, म्हणजे डावातल्या चाली लिहिलेले कागद, तारखेनुसार लावलेल्या आणि सगळ्यांत वर रेटिंगचा, म्हणजे खेळाडूची ताकद सांगणाऱ्या गुणांचा आलेख. त्यांना त्यातलं गणित तोंडपाठ होतं. एका डावानं रेटिंग किती हलणार हे ठरवणारा गुणक मुलांसाठी 40 चा असतो. त्यामुळे आपल्याइतक्याच रेटिंगच्या खेळाडूशी हरलं की 20 गुण जातात, जिंकलं की 20 मिळतात, बरोबरी झाली तर जागच्या जागी. आपल्याहून 200 गुणांनी खालच्या मुलाशी हरलं तर एका डावात 30 जातात. आलेख आधी वर चढलेला होता, मग गेले सहा-सात महिने आडवा.

मी काही मोठी खेळाडू नाही. नोटेशन, म्हणजे चाली लिहायची खुणांची भाषा, मात्र वाचता येतं. त्या शीट चाळताना मला एक गोष्ट दिसली. स्पर्धेत बरोबरीचा प्रस्ताव दिला की तो शीटवर कंसात बरोबरीचं चिन्ह काढून नोंदवायचा असतो: (=). ज्या चालीबरोबर प्रस्ताव दिला, त्या चालीपुढे. या मुलीचं अक्षर टपोरं, आणि ती चिन्हं तिनं अगदी नियमानं काढलेली. चौदाव्या चालीला एक. समोरच्यानं नाकारलं म्हणून सतराव्याला पुन्हा. दुसऱ्या एका डावात तिच्याकडे एक हत्ती जास्त होता, तरी बाविसाव्या चालीपुढे तेच चिन्ह. तिच्या सरांनीही हेच सांगितलं होतं, म्हणून तर ही मंडळी आली होती.

मला पहिल्यांदा वाटलं, परीक्षेला बसताना वाटते तशी भीती असावी. श्वासाचे व्यायाम, झोप, डबा यांवर बोलले. दोन भेटी त्यातच गेल्या आणि हाती काही लागलं नाही. मी चुकीच्या जागी शोधत होते.

तिसऱ्या भेटीत दोघींनी पट मांडला. मी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, तर ती म्हणाली, "आजोबांच्यात असं नसतं. प्यादं एकच घर." मग तिनं मला आजोबांचे नियम शिकवले. राजाला एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी, तीही शह बसायच्या आत. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ज्या मोहऱ्याचं ते घर, तेच मोहरं मिळतं, सरसकट वजीर नाही. आणि प्याद्यानं मात केली तर ती सगळ्यांत मानाची. सांगताना ती खुर्चीत गुडघ्यांवर उभी राहिली होती. आधीच्या दोन भेटींत मी तिला अशी पाहिलीच नव्हती.

"आजोबांशी कधी खेळतेस?"

"आता नाही. क्लासचे सर म्हणाले, दोन्ही नियम मिसळतात. पप्पांनी आजोबांना सांगितलं."

"आजोबांशी हरलीस तर काय व्हायचं?"

"काही नाही. आजोबा शेंगा फोडून द्यायचे. म्हणायचे, बसूया की अजून एक डाव."

"आणि स्पर्धेत हरलीस तर?"

ती घोडा हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "पप्पा गेटवरच मोबाईल काढतात. डाव टाकतात त्यात. मग दाखवतात, इथं बघ, तू जिंकत होतीस. जिंकले तरी दाखवतात, चुकलेल्या चाली. बरोबरी झाली की नुसतं म्हणतात, बरं, चल."

मी थोडा वेळ काहीच बोलले नाही. त्या टपोऱ्या कंसांचा अर्थ माझ्यासमोर उघडा पडला होता. ही मुलगी डाव सोडत नव्हती, ती घरी जायचा सगळ्यांत शांत रस्ता निवडत होती. आणि हे तिनं कुणी न शिकवता, स्वतःच्या डोक्यानं, चाली मोजून शोधलं होतं. आत्मविश्वासाची कमतरता म्हणून तिच्यावर शिक्का मारला असता तर केवढा अन्याय झाला असता!

वडिलांना हे सांगणं अवघड गेलं. आधी ते गप्प झाले, मग चिडले. "माझा एक रविवार घरी जात नाही. कोल्हापूर, पुणे, कुठं कुठं नेतो तिला. मी वाईट काय केलं?" वाईट त्यांनी काही केलंच नव्हतं. लहानपणी याच आजोबांकडून ते खेळ शिकले होते, दहावी आली म्हणून पट माळ्यावर गेला तो गेलाच. मुलीचं तसं होऊ नये म्हणून ते जिवाचं रान करत होते. हे मी त्यांना तसंच सांगितलं, कारण ते खरं होतं आणि ते त्यांना कुणी म्हटलेलं नव्हतं.

आईचा प्रश्न वेगळा होता. गणित सुधारतं म्हणून क्लास लावला होता, ते तरी होतंय का? हा प्रश्न मला फार जण विचारतात, म्हणून स्पष्ट लिहिते. इंग्लंडमध्ये यावर मोठा प्रयोग झाला, 2016 मध्ये त्याचा अहवाल आला. 100 शाळा, सुमारे 4,000 मुलं, वर्षभरात 30 तास बुद्धिबळ. एक वर्षानंतर गणितात, वाचनात, विज्ञानात काहीही फरक आढळला नाही. मार्कांसाठी पट आणणार असाल तर आणू नका. एका जागी बसून समोरच्याच्या मनात काय चाललंय याचा विचार करायला लावणारा हा खेळ आहे, तेवढं कारण मला पुरेसं वाटतं.

राहिला आजोबांच्या नियमांचा मुद्दा. सरांची अडचण मला पटते. चार महिन्यांत स्पर्धेला उतरवायचं असेल तर गोंधळ नको असतो. पण अविभाजित हिंदुस्थानातले बुद्धिबळपटू मीर सुलतान खान आधी आपल्याकडच्या नियमांनीच खेळायला शिकले, पाश्चात्त्य नियम त्यांनी मागाहून उचलले आणि ब्रिटिश अजिंक्यपद तीनदा जिंकलं, 1929, 1932 आणि 1933 साली. मुलीला सुलतान खान करा असं मला म्हणायचं नव्हतं. दोन भाषा बोलणारं मूल आजीशी एक आणि शाळेत दुसरी बोलतं, तसे दोन नियमही डोक्यात राहू शकतात, एवढंच सांगायचं होतं.

ठरलं ते असं. गुरुवारी संध्याकाळी आजोबांचा डाव, आजोबांच्या नियमांनी, त्यात कुणी बोलायचं नाही. आलेख सहा महिने कपाटात. स्पर्धेच्या दिवशी डावाबद्दल पहिला शब्द मुलीनं काढायचा. मोबाईलमधलं विश्लेषण दुसऱ्या दिवशी, सरांबरोबर. बरोबरी बंद, असा नियम मात्र मी करू दिला नाही. वडिलांना तो हवा होता. पण बातुमीच्या अंतिम सामन्यात दिव्या आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही मुख्य डाव बरोबरीतच सुटले होते. निकाल लागला तो पुढच्या जलद डावांत. बरोबरी हाही खेळाचाच भाग आहे. ती मागू नकोस म्हटलं असतं तर मुलीनं लपायला दुसरी जागा शोधली असती, कदाचित पोटदुखीची. प्रत्येक स्पर्धेआधी पोट दुखत असेल, झोप उडत असेल तर आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, ही सूचना सगळ्यांसाठीच. हरल्यावर अर्धा तास रडणं हे मात्र दुखणं नव्हे. रडू द्यावं.

पहिले दोन महिने वडिलांना फार जड गेले. एकदा त्यांनी गेटवर मोबाईल काढलाच. मग माझ्याशी फोनवर बोलताना स्वतःच कबूल केलं. रेटिंगही घसरलं, कारण आता ती डाव शेवटपर्यंत खेळत होती आणि हरतही होती.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आली ती एकच शीट घेऊन. चाली मागच्या पानावरही गेलेल्या. सगळ्या शीटवर कंस एकच, अठ्ठावन्नाव्या चालीपुढे, तोही समोरच्या मुलाच्या रकान्यात. तिच्याकडे एक प्यादं जास्त होतं, पण त्याच्या राजानं त्या प्याद्याचा रस्ता अडवून धरला होता. ती खरोखरच बरोबरी होती. तिनं मला पटावर ते मांडून दाखवलं, दोनदा, कारण पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं नाही.

"मग बाहेर आल्यावर पप्पा काय म्हणाले?"

"विचारलं, भडंग घ्यायचा का. मी म्हटलं घ्या, आणि आजोबांना पण घ्या."