‘गरज’ म्हणजे मागणी नव्हे

गोव्यातल्या डिचोली तालुक्यात कृषी विस्ताराचे काम करणाऱ्या एका भगिनीने विचारले आहे की, बदलत्या हवामानात शेती टिकवण्यासाठी शेतकऱ्यांना काय शिकवायला हवे हे ठरवण्याच्या कामाला ‘प्रशिक्षण गरजांचे मूल्यांकन’ म्हणावे की ‘मूल्यमापन’. माझ्या मते दोन्ही नको. ‘मूल्यांकन’ हिंदी परिपत्रकांतून आपल्याकडे आला आहे, आणि ‘मूल्यमापन’ मराठीत शिकवून झाल्यानंतर करतात: विद्यार्थ्याच्या प्रगतीचे, योजनेच्या फलिताचे. इथे तर शिकवायला अजून सुरुवातही झालेली नाही. शेतकऱ्याच्या ओळखीचा ‘पीकपाहणी’ हा शब्द हाताशी असताना ‘गरजपाहणी’ म्हणायला हरकत कसली?

‘हवामान’ या शब्दावर मी थांबत नाही. मात्र मार्चमध्ये एक अवेळी सर आली आणि काजूचा मोहोर काळा पडला की लगेच ‘हवामान बदल झाला’ असे म्हणण्याची जी सवय लागली आहे, ती सोडायला हवी. एका दिवसाची हवा आणि साधारण ३० वर्षांच्या सरासरीने ठरणारे हवामान या दोन गोष्टी आहेत, आणि शेतकऱ्याला दोन्हींसाठी वेगवेगळे शिकावे लागते. बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे या अर्थाचा ‘अनुकूलन’ हा शब्द बोजड आहे अशीही तक्रार असते. कूल म्हणजे काठ. काठाला धरून जाते ते अनुकूल, काठाच्या विरुद्ध जाते ते प्रतिकूल. ज्या गोव्यात खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या खारट भातशेतीचा, बांध राखला तर भात पिकते आणि बांध फुटला तर शेतात खाडी शिरते, तिथे या शब्दाला बोजड म्हणणे मला पटत नाही.

या सगळ्यात खरा ऐवज ‘गरज’ या शब्दात आहे. तो मूळचा अरबी. तिथे त्याचा पहिला अर्थ आहे बाणाने वेधायचे लक्ष्य. लक्ष्यावरून हेतू, हेतूवरून मतलब (उर्दूतल्या ‘खुदगर्ज’मध्ये तो आजही दिसतो) आणि मराठीत येईपर्यंत निकड, असा त्याचा प्रवास आहे. शेवटचा अरबी वर्ण फारसी तोंडात ‘झ’सारखा झाला आणि मराठीने त्याचा ‘ज’ केला. ‘गर्जेल तो पडेल काय’ या म्हणीतल्या गर्जण्याशी त्याचे काही नाते नाही. ते संस्कृत ‘गर्ज्’ धातूचे कूळ आहे.

आता त्याच्या शेजारी ‘अंदाज’ ठेवून पाहा. फारसीत ‘अंदाख्तन’ म्हणजे फेकणे. तीर फेकणारा तो तिरंदाज, तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज, आणि बरकंदाज, म्हणजे बंदूकधारी शिपाई, हाही त्याच घरातला. अटकळ या अर्थाचा ‘अंदाज’ वेगळा आणि तिरंदाजातला वेगळा, असे काही कोशप्रेमी बजावून सांगतात. मला ते मान्य नाही. नेम धरणारा फेक कुठे पडेल याचा हिशोब आधी मनात करतो, आणि फेकण्यातून अटकळीकडे जायला भाषेला एवढी एकच पायरी चढावी लागते. म्हणून ‘गरजेचा अंदाज घेणे’ हे शब्द मराठी माणूस उच्चारतो तेव्हा त्याच्या नकळत एक तिरंदाज लक्ष्याकडे पाहत उभा असतो. हवामानाचा अंदाज मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी सल्ल्यासोबत शेतकऱ्याच्या मोबाइलवर येतो, त्यातही हाच शब्द आहे.

आणखी पुढे जाऊन माझे असे मत आहे की ‘हलगर्जी’तही हीच ‘गरज’ आहे. जुन्या मराठीतला ‘अलगर्ज’, म्हणजे बेपर्वा, हा त्याचा सख्खा भाऊ. काही जण हलगर्जीत संस्कृत ‘हल’, म्हणजे नांगर, शोधतात. पण नांगराचा आणि निष्काळजीपणाचा संबंध त्यांना आजवर समजावून सांगता आलेला नाही. ज्याच्यासमोर लक्ष्यच नाही तो हलगर्जी, हा अर्थ सरळ आहे, आणि सरळ अर्थ समोर असताना वाकडी वाट धरू नये.

भाषाशुद्धीचे अभिमानी म्हणतील की हा परका शब्द टाका आणि ‘आवश्यकता’ लिहा. त्यांच्याविषयी आदर बाळगूनही मी हे नाकारतो, कारण दोन शब्दांचे अर्थच निराळे आहेत. जे वश होत नाही ते अवश्य. आपल्या इच्छेने जे टळत नाही त्यातून आवश्यकता येते. पाऊस लांबणे, मध्येच खंड पडणे, भरतीचे पाणी वर चढणे हे सगळे आपल्याला वश नाही. त्यासमोर शेतकऱ्याने काय साधायचे, ती गरज. पहिले सोसायचे असते, दुसरे नेम धरून गाठायचे असते, आणि ‘आवश्यकता’ लिहिल्याने नेमका हाच भेद पुसला जातो.

हा भेद पुसला की काय होते ते तिसवाडीतल्या एका बैठकीत मी पाहिले. शेतकऱ्यांना एक छापील कागद दिला होता. वर प्रश्न: ‘आपणास कोणत्या प्रशिक्षणाची गरज आहे?’ खाली गांडूळखत, अळंबी, मधमाशीपालन, ठिबक सिंचन, आणि प्रत्येकापुढे चौकोन. माझ्या शेजारच्या वयस्क शेतकऱ्याने अळंबीवर खूण केली, कारण त्या प्रशिक्षणात बियाण्याची पिशवी मिळते असे त्याने ऐकले होते. बैठक संपल्यावर तो आपले खाजन दाखवायला घेऊन गेला. मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणी अडवणाऱ्या दाराची, एक फळी कुजली होती आणि भरतीचे पाणी फटीतून आत झिरपत होते. त्याने ओंजळीत पाणी घेऊन जिभेला लावले, थुंकला आणि म्हणाला, “उदक अजून खारें आसा.” त्याच्या गरजा त्या एका वाक्यात होत्या, आणि कागदावर त्यांच्यासाठी चौकोन नव्हता.

खाजनात सरद, म्हणजे पावसाळी, हंगामाचे भात पावसाने मातीतले मीठ धुऊन काढल्यावरच घालता येते. रोप कोवळे असताना आणि पीक फुलोऱ्यावर असताना भाताला मीठ सर्वांत जास्त बाधते. मातीतली क्षारता (ती डेसिसीमेन्स प्रति मीटर या एककात मोजतात) साधारण ३ च्या वर गेली की उत्पन्न घटू लागते. कोरगुटासारखे गावठी वाण याहून जास्त सोसते, पण त्यालाही मर्यादा आहे. मिरगाचा पाऊस वेळेवर पडत होता तोवर पंचांग आणि जीभ यांवर काम भागत होते. आता पाऊस रेंगाळतो, किंवा धो धो पडून मग पंधरा दिवस दडी मारतो, आणि बांधाला गळती असेल तर धुतलेले मीठ परत येते. त्यामुळे क्षारता मोजण्याचे उपकरण वापरून पेरणीचा दिवस ठरवणे ही त्या शेतकऱ्याची प्रशिक्षणाची गरज झाली. कुजलेली फळी मात्र प्रशिक्षणाची गरज नाही. तिला सुतार आणि पैसा लागतो. जे येत नाही ते शिकवता येते, जे मिळत नाही ते शिकवून मिळत नाही, आणि पाहणी करणाऱ्याने हे दोन रकाने पहिल्याच दिवशी वेगळे करायला हवेत.

मागणी तोंडाने सांगता येते, म्हणून ती कागदावर चटकन उतरते. गरज मात्र अंतरात असते: हे काम नीट होण्यासाठी जे यायला हवे आणि आज जे येते, या दोहोंमधले अंतर. तिरंदाजाच्या पायापासून लक्ष्यापर्यंतचे अंतर त्याला विचारून कळत नाही, त्याच्याजवळ उभे राहून पाहावे लागते. ते खाजनात एक, मोरडीवर, म्हणजे उंचावरच्या शेतात, दुसरे आणि कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, तिसरे असते. सुपारीच्या बागाईतदाराला पाणी खारट आहे का हे विचारण्यात काही अर्थ नाही. त्याची काळजी संततधार पावसात सुपारी कुजवणाऱ्या कोळेरोगावरची फवारणी कधी साधायची ही आहे.

तेव्हा, ताई, मथळ्यात ‘हवामान अनुकूलनासाठी प्रशिक्षण गरजपाहणी’ असे लिहावे. वरिष्ठांचा मूल्यमापनाचाच आग्रह असेल तर तो शब्द वर्षअखेरच्या अहवालात वापरावा, तिथे तो बरोबर आहे. आणि कागदावरचा पहिला प्रश्न ‘कोणत्या प्रशिक्षणाची गरज आहे’ हा न ठेवता असा ठेवावा: ‘गेल्या सरद हंगामात पेरणीचा दिवस तुम्ही कशावरून ठरवला?’