सँडहिल्सचा जुना नकाशा की नवा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्याच्या सँडहिल्स या वाळूच्या टेकड्यांच्या भागात, चेरी काउंटीतला (म्हणजे जिल्ह्यातला) 1:24,000 प्रमाणाचा जुना नकाशा गुरांसाठी पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या आणि पाण्याच्या टाक्यांनी भरलेला आहे, तर यूएसजीएसच्या (अमेरिकेच्या सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या) नव्या 'यूएस टोपो'वर तोच भाग ओकाबोका दिसतो. मग भरवसा कशावर ठेवायचा?

पाणी आणि खुणांसाठी जुना, उंचीसाठी लायडार (विमानातून लेझरने केलेली उंचीची मोजणी). नवा रस्त्यांपुरता, तोही जपून.

ही जुनी, साडेसात मिनिटं अक्षांश-रेखांशाचा भाग दाखवणारी शीटं हवाई छायाचित्रांवरून काढत, पण माणूस जागेवर जाऊन पडताळायचा. मैलोन्‌मैल घर नाही तिथे पवनचक्की हीच खूण, म्हणून शेजारी चक्क 'विंडमिल' असं लिहिलेलं असतं. 2009 पासूनचे यूएस टोपो तयार डेटाबेसमधून निघतात. ज्या गोष्टीचा देशभराचा डेटा हाताशी नाही, ती नकाशावर येतच नाही. पवनचक्की कागदावरून गेली म्हणजे कुरणातूनही गेली असं समजू नका. उलटही खरं: नकाशावर पवनचक्की असली तरी कित्येक ठिकाणी तिच्या जागी आता सोलर पंप बसलेत.

लाल रेषांच्या जाळीला बरेच जण कुंपण समजतात. ते सरकारी जमीनमोजणीचे चौकोन, म्हणजे सेक्शन आहेत, साधारण 640 एकरांचे. 36 मिळून एक टाउनशिप. क्रमांक ईशान्य कोपऱ्यातून सुरू होऊन पश्चिमेकडे 6 पर्यंत जातात, 7 त्याच्या खाली आणि तिथून उलटे पूर्वेकडे. 1904 च्या किंकेड कायद्याने इथे एका कुटुंबाला एवढीच, म्हणजे 640 एकर जमीन मिळायची. वाळूच्या टेकड्यांवर तेवढ्यात भागेना, बऱ्याच जमिनी विकल्या गेल्या आणि मोठे रँच (गुरं पाळायची विस्तीर्ण कुरणं) झाले. आपल्या सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर असं काही नसतं, गट नंबरांसाठी भूमी अभिलेखचा वेगळा नकाशा लागतो. त्यामुळे आपली नजर सुरुवातीला गोंधळते.

तळ्यांचं मात्र सांभाळून. टेकड्यांमधली ही तळी बहुतेक भूजलावर जगतात, पाणीपातळीबरोबर फुगतात आणि आटतात. तुटक निळी रेषा म्हणजे कायमचं पाणी नाही. शिवाय शीटच्या तळाशी छायाचित्रांचं साल बघा. छापल्याचं साल वेगळं असू शकतं. जांभळ्या शाईतलं सगळं नंतर छायाचित्रांवरून भरलेलं. समोच्च रेषेला (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषेला) आतून बारीक दाते दिसले तर ती टेकडी नव्हे, खळगा. सँडहिल्समध्ये असे खळगे पुष्कळ.

जीआयएसमध्ये (संगणकावरच्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये) जुनं शीट लावताना डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश मोजायचा पाया, तपासा. जुन्या शीटचा एनएडी27 हा डेटम तसाच ठेवून ते नव्या एनएडी83 डेटमच्या डेटावर टाकलंत तर सगळं तीस-चाळीस मीटरनी सरकेल, आणि पवनचक्की कुंपणाच्या भलत्या बाजूला दिसेल. तुटक रेषांच्या चाकोऱ्या बहुतेक खाजगी असतात. आत शिरण्याआधी रँचवाल्याला फोन करा, कुठलं फाटक उघडं ठेवायचं तेही तोच सांगेल.