भाकरीचं वजन केलंय का कधी?

प्रश्न: नमस्कार मॅडम, माझ्या मुलीला (वय १३) दीड वर्षापूर्वी टाईप १ डायबेटिस निघाला. आता डॉक्टरांनी कार्ब (म्हणजे अन्नातली कर्बोदकं) मोजून इन्सुलिन द्यायला शिकवलंय, जेवणाला १ युनिटमागे १२ ग्रॅम कार्ब. चार्टमध्ये एक ज्वारीची भाकरी ३० ग्रॅम कार्ब लिहिलीय म्हणून दोन भाकऱ्यांना ५ युनिट देते, तरी दोन तासांनी शुगर २४०-२५०. परवा घाबरून तेव्हाच अजून ३ युनिट दिले तर नंतर ५८ वर आली, पोरीचे हातपाय थरथरायला लागले. पुरणपोळी खाल्ली की आधी लो आणि मध्यरात्री २९०! माझं काय चुकतंय?
— एक आई, सांगली

उत्तर: ताई, तुमचं गणित बरोबर आहे, भाकरी चुकतीये. चार्टमधली भाकरी केवढी होती ते चार्टवाल्यालाच माहीत. मी आमच्या घरी एकदा काट्यावर बघितलं, सासूबाई एका भाकरीला ६० ग्रॅम कोरडं पीठ घेतात, आणि ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कार्ब धरले तर एक भाकरी झाली ४२ ग्रॅमची, दोन ८४, म्हणजे तुमच्या प्रमाणाने ७ युनिट. तुमची भाकरी तेवढीच असेल तर २ युनिट इथेच कमी पडले. त्यामुळे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्या आणि पीठ कोरडं असतानाच मोजा, पाण्याने वजन वाढतं, कार्ब नाही. चार भाकऱ्यांचं पीठ एकदम मोजून चारने भागलं तरी चालेल, फक्त गोळे सारखे करा (हे म्हणायला सोपं, मला माहितीय). भात शिजलेला मोजा, १०० ग्रॅममध्ये साधारण २८ ग्रॅम कार्ब. आणि मटकीची उसळ प्रोटीन म्हणून सोडून देतात लोक, तिच्यातही कार्ब असतात, तीही धरा.

परवाचं म्हणाल तर, रॅपिड इन्सुलिन, म्हणजे जेवणाला देतो ते झटपट काम करणारं, चारेक तास काम करतं, दोन तासांनी आधीच्या ५ युनिटमधलं बरंच शिल्लक होतं आणि त्यावर तुम्ही ३ चढवले. करेक्शन, म्हणजे चढलेली शुगर उतरवायला द्यायचा जादा डोस, कधी आणि किती द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन छोटे चमचे पाण्यात ढवळून द्या, १५ मिनिटांनी परत तपासा, तरी खालीच असेल तर पुन्हा द्या. त्यावेळी चॉकलेट नको, त्यातल्या फॅटमुळे साखर हळू चढते.

पुरणपोळीचंही तेच, वरून तूप आणि आत डाळ, साखर रक्तात पोचायला उशीर लागतो, इन्सुलिन मात्र आधीच कामाला लागलेलं असतं. म्हणून आधी लो, मग हाय. अशा जेवणाला काहींना डोस दोनदा विभागून देतात, पण ते मनाने करू नका. सणाच्या आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा आणि त्या रात्री झोपण्याआधी आणि एकदा मध्यरात्री शुगर बघा.

एका दिवसाच्या आकड्यावरून १२ चं प्रमाण बदलू नका हं. आधी आठवडाभर वहीत पिठाचं वजन, डोस, जेवणाआधीची शुगर, नंतरची शुगर, पीटीचा तास होता का, सगळं लिहा. मोजमाप नीट असूनही त्याच जेवणाला तीन-चार दिवस शुगर चढलेली दिसली तर मग प्रमाण बदलायचं, तेही डॉक्टरांना वही दाखवून. बऱ्याच मुलांना सकाळच्या नाश्त्याला इन्सुलिन जास्त लागतं, तेव्हा पोह्यांना १ युनिटमागचं कार्बचं प्रमाण वेगळं निघालं तर दचकू नका.