आधी वह्यांचे कुलूप काढा

राजापूर तालुक्यातील एका वडिलांचे पत्र आले आहे. बारावी विज्ञान शाखेत ८१ टक्के मिळवलेली त्यांची मुलगी सुट्टीच्या दिवशी सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, जाऊन तिथे जमिनीत कोरलेल्या कातळशिल्पांची रेखाटने करत बसते. तिला चित्रकलेची पदवी घ्यायची आहे, वडिलांना ती अभियंता व्हावी असे वाटते आणि तिचे ‘लक्ष ठिकाणावर यावे’ म्हणून त्यांनी तिच्या सातही वह्या कपाटात कुलूपबंद केल्या आहेत.

सप्रेम नमस्कार.

आपण शाखेबद्दल विचारले आहे, परंतु माझे मन त्या कुलपापाशीच अडकले. गुणांची मला काळजी वाटत नाही. उन्हातान्हात बसून केलेले तीन वर्षांचे काम मुलीच्या डोळ्यांदेखत कपाटात गेले, याची वाटते. आपला हेतू चांगला आहे याविषयी मला शंका नाही; मात्र यामुळे ती अभ्यासाला लागेल असे मला वाटत नाही, ती आपल्याला काही दाखवायचे बंद करील. त्या वह्या आजच तिच्या हातात द्याव्यात.

‘शिल्पांचा अभ्यास हे पुरातत्त्वाचे काम, चित्रे काढणे हा निव्वळ छंद’, असे आपण लिहिता. ही समजूत चुकीची आहे. १९५७ मध्ये मध्य प्रदेशातील भीमबेटकाची शैलाश्रये, म्हणजे प्राचीन चित्रे असलेले खडकातले निवारे, अभ्यासकांपुढे आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर स्वतः चित्रकार होते आणि शैलचित्रे हाताने उतरवून घेणे हा त्यांच्या संशोधनाचाच भाग होता. तेच भीमबेटका २००३ मध्ये जागतिक वारसा ठरले. आपल्या तालुक्यातल्या कशेळीच्या सड्यावर कोरलेला सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती घ्या. त्याच्या रेषेवर उभे राहिले तर पायाखाली केवळ एक चर दिसतो. ड्रोनमधून आकृती दिसते, पण कोणती रेषा माणसाने कोरली आणि कोणती जांभ्याची नैसर्गिक भेग आहे, हे गुडघे टेकून, बोट फिरवून, कागदावर उतरवतानाच ठरवावे लागते. आपली मुलगी नेमके हेच करते आहे.

शिवाय चित्रकाराचे काम नोंदीपाशी संपत नाही. इंग्लंडमध्ये स्टोनहेंज या प्राचीन शिळावर्तुळाच्या शिळांपासून एरवी प्रेक्षकांना अंतरावर ठेवले जाते. २०१२ मध्ये जेरेमी डेलर या कलावंताने त्याच आकाराचे, हवा भरलेले स्टोनहेंज उभारले आणि लोकांना त्यावर उड्या मारू दिल्या. वारसा कोणाचा, हा प्रश्न त्याने लहान मुलांच्याही पायाखाली आणून ठेवला. आपल्याकडे तो प्रश्न अधिक निकडीचा आहे. कोकणातील कातळशिल्पांची नऊ स्थळे २०२२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत, त्यांतले फणसामाळ गोव्यात; पण कित्येक शिल्पे खासगी जमिनीवर आहेत आणि चिरेखाणीचे यंत्र सड्यावर चढले की एका दिवसात सारे संपते. हे जमीनमालकाला पटेल अशा रीतीने दाखवू शकणारी माणसे हवी आहेत.

मुलीलाही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. छायाचित्र उठून दिसावे म्हणून ती चरांत खडूची पूड भरते, असे आपण कौतुकाने लिहिले आहे. हे तिने तत्काळ थांबवावे. त्याने दगडावर परकी भर पडते आणि पुढे येणारा अभ्यासक मूळ रेषेऐवजी तिने ठरवलेली रेषा पाहतो.

मार्ग नवे नाहीत: दृश्यकलेच्या पदवीसाठी राज्याची प्रवेशपरीक्षा आहे, आणि कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वाचे एम.ए. करता येते. अभियांत्रिकीचा आग्रह मात्र आपण सोडावा, कारण तिला ती का आवडेल याचे एकही कारण आपल्या पत्रात नाही.

येत्या रविवारी भल्या पहाटे तिच्यासोबत सड्यावर जा. भर दुपारी हे चर जवळजवळ दिसत नाहीत. ऊन तिरपे असताना त्यांत सावली भरते आणि आकृती उठून येते. कोणती रेषा आधी पाहायची, ते तिला सांगू द्या.