छर्ऱ्यांना तेल लावण्यापूर्वी
आपण ४.५ मिलिमीटरच्या शिशाच्या छर्ऱ्यांना शिलाई मशीनचे तेल लावता, ते कृपया आजच थांबवावे. स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये दाबली जाणारी हवा इतकी तापते की खनिज तेलाची वाफ पेटते आणि प्रत्येक छर्ऱ्याचा वेग वेगळा पडतो. आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यात उघड्या डबीतल्या शिशावर पांढरट भुकटी धरते; असे छर्रे बाजूला काढावेत. घट्ट झाकणाची डबी कोरड्या कपाटात ठेवली, तर दहा मीटरच्या सरावाला वंगणाची गरजच नाही, असे माझे ठाम मत आहे. छर्ऱ्याची मागची पातळ कड मात्र उजेडात फिरवून पाहावी, कारण ती जरा जरी चेपलेली असली, तरी छर्रा भरकटतो. सरावानंतर साबणाने हात धुतल्याखेरीज मिसळीच्या ताटावर बसू नये. शिसे शरीरात साठत राहते.