कॅसेटच्या सुरुवातीचे ते दहा सेकंद

जुन्या व्हिडिओ कॅसेटबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा म्हटलं होतं, आणि आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पिक्चरबद्दल नाहीतच, पिक्चर सुरू व्हायच्या आधी कॅसेट कंपनीचा जो फिरता-चमकता लोगो यायचा त्याबद्दल आहेत. मला फार आनंद झाला कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे, आणि त्या दहा-बारा सेकंदांकडे बघायचं असतं हेच बहुतेकांना पटत नाही. तर सरळ प्रश्नांकडेच येते.

प्रश्न : एकाच कंपनीच्या म्हणून घेतलेल्या चार कॅसेट माझ्याकडे आहेत पण चारही लोगो वेगळे आणि नावंही वेगळी. यातली खरी कोणती? आणि लोगोवरून कॅसेटचं वर्ष सांगता येतं का?

चारही खऱ्या असू शकतात. या धंद्यात कंपन्या सारख्या विकल्या गेल्या, जोडल्या गेल्या, तुटल्या, आणि मालक बदलला की पहिली गोष्ट बदलायची ती लोगो. सगळ्यात चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. मिशिगन राज्यात आंद्रे ब्ले नावाच्या माणसाची मॅग्नेटिक व्हिडिओ नावाची कंपनी होती, टेपच्या कॉप्या काढून द्यायचं काम करायची. 1977 मध्ये त्याने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून 50 पिक्चर कॅसेटवर विकायचे हक्क घेतले, तेही बीटामॅक्स आणि व्हीएचएस या कॅसेटच्या दोन्ही प्रकारांवर, आणि मोठ्या स्टुडिओचे पिक्चर घरी बघायला विकत मिळणं तिथून सुरू झालं. दोनच वर्षांत, 1979 मध्ये फॉक्सने ती कंपनीच विकत घेतली. 1982 मध्ये नाव झालं ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स व्हिडिओ, आणि त्याच वर्षी सीबीएस या अमेरिकन टीव्ही कंपनीशी भागीदारी होऊन सीबीएस-फॉक्स व्हिडिओ. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला फॉक्स व्हिडिओ, 1995 ला ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स होम एंटरटेनमेंट, मग 2019 ला सगळं डिस्नीकडे गेलं. म्हणजे एकाच घराण्याच्या कॅसेट ओळीने लावल्या तर घरावरची पाटी चार वेळा बदललेली दिसते, आणि प्रत्येक पाटी त्या त्या वेळी जे मशीन हाताशी होतं त्यावर बनलेली.

वर्षाचं म्हणाल तर लोगोवरून अंदाज येतो, खात्री नाही. जुना मास्टर, म्हणजे ज्यावरून कॉप्या काढायच्या ती मूळ टेप असेल तर कंपनी नवीन छापलेल्या कॅसेटवरही जुनाच लोगो तसाच जाऊ द्यायची, खोक्यावर नवा आणि टेपवर जुना असं खूपदा सापडतं. त्यामुळे मी खोका, कॅसेटवरचं लेबल आणि टेपवरचा लोगो या तिन्हींची नोंद वेगवेगळी ठेवते, तुम्हीही ठेवा.

प्रश्न : ऐंशीच्या आसपासच्या लोगोत काळ्या पडद्यावर रंगीत रेषा धावतात, अक्षरं लांब शेपूट सोडत येतात, वाकतात, गोल फिरतात. एवढं सगळं तेव्हाच्या कॉम्प्युटरवर करायचे का?

या प्रश्नाची मी वाटच बघत होते. बहुतेक वेळा नाही, निदान आपण आज ज्याला कॉम्प्युटर म्हणतो त्यावर तर नाहीच. तीन वेगवेगळ्या पद्धती होत्या आणि थोडी सवय झाली की कोणता लोगो कशाने केलाय ते डोळ्यांनीच ओळखता येतं.

पहिली म्हणजे कॅमेऱ्याची. काळ्या फिल्मवर फक्त अक्षर पारदर्शक ठेवायचं, मागून जोरदार दिवा, मध्ये रंगीत कागद, आणि कॅमेऱ्याचं शटर उघडं ठेवून कॅमेरा हळूहळू सरकवायचा. फिल्मवर त्या प्रकाशाचा ओढलेला पट्टा उमटतो, तेच ते शेपूट. मग फिल्म मागे घेऊन दुसरा रंग, परत मागे घेऊन तिसरा. प्रत्येक फेरीत कॅमेरा तसूभरही इकडेतिकडे न होता त्याच वाटेने जायला हवा, म्हणून मोटर लावून ती हालचाल कंट्रोल करायचे. एवढं करून शेवटच्या फेरीत चूक झाली की सगळं पहिल्यापासून. या लोगोंना फिल्मचा दाणा दिसतो, चित्र अगदी किंचित हलतं, आणि प्रकाशाच्या कडेला मऊ झळाळी असते. नुसतं निऑनसारखं दिसतं म्हणतात ते हेच.

दुसरी पद्धत म्हणजे स्कॅनिमेट, आणि यावर माझं विशेष प्रेम आहे. ली हॅरिसन नावाच्या इंजिनिअरने डेनव्हरमध्ये हे मशीन बनवलं, आख्ख्या जगात मिळून आठच झाली. हा अॅनालॉग कॉम्प्युटर, म्हणजे आत आकडे नाहीत, नुसते व्होल्टेज. काळ्या-पांढऱ्या अक्षरांचं चित्र लाइट बॉक्सवर ठेवायचं, कॅमेरा ते टिपणार, ते एका छोट्या पिक्चर ट्यूबवर दिसणार, आणि ट्यूबमध्ये चित्र काढणारा जो इलेक्ट्रॉनचा झोत असतो त्यालाच व्होल्टेज देऊन वाकवायचं. झोत वाकला की अक्षर वाकलं, झोत ताणला की अक्षर ताणलं, झोताला लाट दिली की अक्षर पाण्यावर असल्यासारखं हललं. समोरून दुसरा कॅमेरा ती ट्यूब शूट करतोय आणि उजेडाच्या प्रत्येक पातळीला वेगळा रंग दिला जातोय. हे सगळं त्याच क्षणी, डोळ्यासमोर, नॉब फिरवून आणि वायरी इकडच्या तिकडे खोचून. लोगो तयार व्हायला जेवढे सेकंद तेवढाच वेळ तो टेपवर यायला, आणि वायरी काढल्या की तो लोगो गेला, परत हुबेहूब तसाच जमवणं जवळजवळ अशक्य. सेव्ह करणं हा प्रकारच नव्हता, राहिली ती फक्त टेप.

असा एक लोगो मी एकेक फ्रेम थांबवून बघितला होता. अक्षर मोठं होत जवळ येतं तेव्हा त्याच्या पोटात आडव्या बारीक रेषा दिसायला लागतात, जितकं मोठं तितक्या त्या रेषा एकमेकींपासून लांब, कारण रेषा तेवढ्याच आहेत आणि अक्षर ताणलं गेलंय. लांबून ती चमक वाटते, जवळून कळतं की हा तर झोत फिरल्याचा माग आहे. ते बघितल्यापासून मला कुठलाही स्कॅनिमेटचा लोगो नुसती डिझाइन वाटत नाही, कुणीतरी बसून वाजवलेला वाटतो.

तिसरी पद्धत खऱ्या डिजिटल कॉम्प्युटरची. पॅसिफिक डेटा इमेजेस ही कंपनी 1980 मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली, पुढे पिक्चरसाठी नावाजली पण सुरुवातीचं पोटापाण्याचं काम म्हणजे उडते लोगो. त्या काळचा सगळ्यांच्या ओळखीचा प्रकार म्हणजे क्रोमची अक्षरं, वर निळं आकाश आणि खाली तपकिरी जमीन चकाकतेय असं. खरं प्रतिबिंब गणित करून काढायला प्रचंड वेळ लागायचा, म्हणून आकाश-जमिनीचं एक चित्र त्या अक्षरांवर प्रतिबिंब म्हणून बसवायचं, ही युक्ती ब्लिन आणि न्यूवेल या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या दोन संशोधकांनी 1976 मध्ये मांडली होती. तरी हिशोब करून बघा, सेकंदाला 30 फ्रेम, दहा सेकंदांचा लोगो म्हणजे 300 फ्रेम, एका फ्रेमला दहा मिनिटं धरली तरी सलग 50 तास, आणि हे सगळं झाल्यावर कळणार की अक्षर जरा जास्तच वेगाने आलं.

प्रश्न : सगळे लोगो काळ्या नाहीतर गडद निळ्या पडद्यावरच का असायचे? लाल रंग तर नेहमी फुटलेला दिसतो.

व्हीएचएसमुळे. कॅसेटवर आडव्या दिशेने साधारण 240 रेषांएवढा तपशील मावतो आणि रंगाचा तपशील तर त्याहून कितीतरी कमी, कारण रंगाचा सिग्नल खाली दाबून टेपवर टाकलेला असतो. लाल अक्षर असेल तर रंग कडेबाहेर ओघळतो. म्हणून जाणकार लोक पांढरी किंवा पिवळी जाड अक्षरं गडद पडद्यावर ठेवायचे. शिवाय दिव्याच्या आणि स्कॅनिमेटच्या कामात काळा म्हणजे जिथे काहीच नाही ती जागा, तो आपोआपच मिळतो.

प्रश्न : लहानपणी एका लोगोला मी इतकी घाबरायचे की तो संपेपर्यंत खोलीबाहेर उभी राहायचे. घरचे हसायचे. असं इतर कुणाला होतं का?

खूप जणांना होतं, आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. नीट विचार करा, कॅसेट आत गेली, आधी पडद्यावर सळसळणाऱ्या मुंग्या, मग काळोख आणि शांतता, आणि अचानक काहीतरी थेट तुमच्याच दिशेने मोठं होत येतं, सोबत असा आवाज जो कुठल्याही ओळखीच्या वाद्याचा नाही. गोष्ट नाही, माणूस नाही, चेहरा नाही. लहान मुलाला हे काय चाललंय ते कळायला काही आधारच नसतो.

आवाजाचंही कारण आहे. सिंथेसायझर तेव्हा नवीन होते, 1983 मध्ये यामाहाचा डीएक्स-7 आला आणि त्याचा घंटेसारखा काचेरी आवाज सगळीकडे गेला. आणि तो आवाज टेपच्या कडेला जी बारीक पट्टी असते तिच्यावर असायचा. व्हीएचएसची टेप नेहमीच्या स्पीडला सेकंदाला साधारण 33 मिलिमीटर चालते, पाल पद्धतीत, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत, तर 23 च, आणि गाण्याची साधी कॅसेट साधारण 48 चालते. म्हणजे गाण्याच्या कॅसेटपेक्षाही हळू टेप, त्यात सुरुवातीचा भाग सगळ्यात जास्त ताणला गेलेला. लांब खेचलेला सूर अशा टेपवर थरथरतो. तुम्ही ज्याला घाबरलात तो सूर बनवणाऱ्याने तसा वाजवलाही नसेल, तो तुमच्याच कॅसेटवर तसा झालेला असू शकतो.

प्रश्न : तीच धून माझ्या दोन कॅसेटवर वेगवेगळ्या सुरात का ऐकू येते? कान खराब म्हणायचा का?

उलट कान चांगला आहे. फिल्म सेकंदाला 24 फ्रेमची, पाल टीव्ही 25 चा, त्यामुळे फिल्मवरून पालवर उतरवताना ती सरळ 25 ने पळवायचे. सगळं चार टक्क्यांनी जलद आणि सूरही चढतो, अर्ध्या स्वरापेक्षा थोडा कमी. अमेरिकेतल्या टीव्हीची पद्धत एनटीएससी, त्या कॅसेटवर ही भानगड नाही.

प्रश्न : एका कॉपी केलेल्या कॅसेटवर लोगो आपोआप उजळतो आणि काळा पडतो. हा इफेक्टच आहे का?

नाही, ते कॉपी रोखायचं तंत्र, मॅक्रोव्हिजन, 1985 पासून कॅसेटवर आलं. चित्राच्या वरच्या न दिसणाऱ्या रेषांमध्ये जोरदार पल्स टाकतात, त्यामुळे रेकॉर्ड करणारा व्हीसीआर उजेडाचा अंदाज चुकतो. साध्या टीव्हीवर मूळ कॅसेट व्यवस्थित दिसते.

प्रश्न : घरच्या कॅसेट डिजिटल करायला दिल्या. परत आलेल्या फाइलमध्ये प्रत्येक पिक्चर पहिल्या सीनपासून सुरू होतो, आधीचं सगळं कापलंय, आणि विचारलं तर म्हणाले की तो फालतू भाग होता. आता काय?

हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. मूळ कॅसेट अजून तुमच्याकडे असतील तर कृपा करून टाकू नका, काम परत करता येईल. पिक्चर तर कुठूनही मिळेल, रिस्टोअर होऊन जास्त स्वच्छच मिळेल. पण तो लोगो, ती सूचना, ते येणाऱ्या पिक्चरचं जाहिरातीचं पान, हे नव्या आवृत्तीत कंपनी स्वतःच काढून टाकते. बऱ्याच लोगोंच्या बाबतीत लोकांच्या घरातल्या कॅसेट एवढाच पुरावा उरलाय.

परत देताना स्पष्ट सांगा, शक्यतो लिहूनच द्या. टेप पूर्ण रिवाइंड करून अगदी मुंग्यांपासून रेकॉर्डिंग चालू करायचं. सुरुवातीला चित्र स्थिरावायला काही सेकंद लागतात आणि ट्रॅकिंग, म्हणजे व्हीसीआरचं हेड टेपवरच्या सिग्नलशी जुळवणं, नीट लावायचं असतं, तर ते आधी एकदा पुढच्या भागावर लावून घ्यायचं आणि मग मागे यायचं. चित्र 4:3 च ठेवायचं, ताणून रुंद करायचं नाही, खालची थरथरणारी पट्टीसुद्धा राहू दे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे हमखास चुकतं. पालच्या टेपवर सेकंदाला 25 फ्रेम असल्या तरी प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्या चित्रांची असते, म्हणजे हालचाल सेकंदाला 50 वेळा टिपलेली आहे, एनटीएससीवर साधारण 60 वेळा. स्कॅनिमेटचा लोगो एवढा सळसळीत वाटतो तो यामुळेच. फाइल बनवणारे सरसकट 25 किंवा 30 वर आणून ठेवतात, म्हणजे अर्धी हालचाल गेली, आणि मग लोक म्हणतात जुना लोगो काय अडखळत चालतो. तेव्हा मूळ फाइल इंटरलेस्डच, म्हणजे ती अर्धी चित्रं तशीच ठेवलेली मागा, आणि बघण्यासाठी वेगळी कॉपी 50 किंवा 60 ची करून घ्या.

कॅसेटच्या खिडकीतून टेपवर पांढरी भुरी दिसत असेल तर मात्र ती कुठल्याच व्हीसीआरमध्ये घालू नका, ती बुरशी आहे, हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटलाही जाते. ती वेगळ्या पिशवीत बंद करून, ज्यांना टेप साफ करता येते अशांकडेच द्या.